तालमीतली माती काय कमी करते?

नववीच्या वर्गात न्यूटनचे गतीविषयक नियम शिकवून झाले, की मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा. तालमीत सराव सुरू होण्यापूर्वी हौद्यातली लाल माती खोऱ्याने उकरून भुसभुशीत केली जाते. अशा मातीत पाठीवर आपटलेला पैलवान अंग झटकून पुन्हा उभा राहतो. तोच पैलवान शेजारच्या शहाबादी फरशीवर आपटला, तर त्याला उचलून न्यावे लागेल. मग ही मऊ माती नेमके काय कमी करते? पैलवानाचा वेग, त्याचा संवेग, त्याला मिळणारा आवेग, की त्याच्यावरचे बल?

सातारा-सांगली भागातल्या मुलांना तालीम नवी नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मातीत घडले आणि १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकून आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती माने यांचे नावही घरोघरी माहीत आहे. त्यामुळे प्रश्न विचारताच भराभर हात वर होतात. पण उत्तर बहुधा एकच येते : 'सर, सगळेच कमी होते!'

हे उत्तर चूक आहे. ते का चूक आहे, हे मुलांना उमगले तर संवेगाचा सगळा धडा त्यांच्या हाती लागतो. नाहीतर बल, वस्तुमान आणि त्वरण यांचे सूत्र तोंडपाठ करूनही ती आयुष्यभर 'जोर कमी झाला' एवढ्यावरच थांबतात.

तीन वेग आणि त्यांचा गोंधळ

गोंधळाचे एक कारण शब्दांतच आहे. वेग, संवेग आणि आवेग हे तीनही शब्द एकाच मुळापासून आलेले. शिवाय 'भावनेच्या आवेगात' असे आपण रोज बोलतो. त्यामुळे आवेग म्हणजे काहीतरी जोराचे, एवढाच अर्थ मुलांच्या मनात असतो. त्यात भर म्हणजे नववीत संवेग मराठीत शिकलेली मुले अकरावीला विज्ञान शाखेत गेली, की तिथे 'मोमेंटम' आणि 'इंपल्स' हे शब्द त्यांच्यावर येऊन आदळतात. जुन्या ओळखीचा संवेग तो हाच, हे पुष्कळांच्या लक्षातही येत नाही. म्हणून नववीतच दोन्ही शब्दांची ओळख शेजारी शेजारी करून द्यावी, असे आम्हाला वाटते.

संवेग म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार. तो वस्तूपाशी असतो. आवेग म्हणजे बल आणि ते जितका वेळ लावले तो काळ यांचा गुणाकार. तो वस्तूला दिला जातो किंवा तिच्याकडून काढून घेतला जातो. आणि या दोहोंना जोडणारे वाक्य असे :

दिलेला आवेग = संवेगात झालेला बदल

हा नवा नियम नव्हे, न्यूटनचा दुसरा नियमच आहे. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात न्यूटनने हा नियम त्वरणाच्या भाषेत लिहिलेलाच नाही. 'गतीच्या परिमाणात' होणारा बदल, असे त्याचे शब्द आहेत आणि गतीचे परिमाण म्हणजेच आपला संवेग. एककेही हेच सांगतात. एक न्यूटन म्हणजे एक किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद वर्ग. त्याला सेकंदाने गुणले की किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद उरते, आणि तेच संवेगाचे एकक. हे फळ्यावर मुलांकडूनच करून घ्यावे.

आता तालमीत परत जाऊ. ६० किलोग्रॅम वस्तुमानाचा पैलवान धोबीपछाडीने सुमारे ८० सेंटिमीटर उंचीवरून खाली येतो असे समजू. गुरुत्वत्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरले, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ४ मीटर प्रति सेकंद होतो आणि संवेग २४० किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. खाली माती असो की फरशी, त्याला स्थिर व्हायचे आहे. म्हणजे २४० एकके संवेग शून्यावर यायचा आहे. दोन्ही ठिकाणी आवेग तेवढाच, २४० न्यूटन-सेकंद. माती इथे एका एककाचीही सवलत देत नाही.

फरक पडतो तो वेळेत. फरशीवर हे सारे समजा ०.०२ सेकंदात उरकते. मग सरासरी बल २४० भागिले ०.०२, म्हणजे १२,००० न्यूटन. पैलवानाच्या वजनाच्या वीसपट! भुसभुशीत माती दबत दबत जाते, त्यामुळे समजा ०.१ सेकंद लागतो. मग बल होते २,४०० न्यूटन, वजनाच्या चौपट. (पडताना पैलवानाचे स्वतःचे वजनही खाली ओढत असतेच. ते दोन्हीकडे सारखेच मिळवावे लागेल; सोपेपणासाठी इथे सोडून दिले आहे.)

तेव्हा प्रश्नाचे उत्तर हे : माती वेग कमी करत नाही, संवेग कमी करत नाही, आवेगही कमी करत नाही. ती वेळ वाढवते, आणि वेळ वाढल्यामुळे बल कमी होते.

मुलांना हे पटवायला कर्जाचा दाखला फार उपयोगी पडतो. सोसायटीचे २४० रुपये देणे आहे. एकदम फेडा की दहा हप्त्यांत फेडा, फेडायचे २४०च. मात्र एकदम फेडताना कंबर मोडते, हप्त्यांनी फेडताना जाणवत नाही. संवेग हे कर्ज, बल हा हप्ता. कर्जाची रक्कम आपल्या हाती नाही, हप्ते पाडून घेणे मात्र आपल्या हाती आहे. व्याजाची शंका एखादा हुशार विद्यार्थी काढेलच. निसर्ग व्याज लावत नाही, एवढे त्याला सांगावे.

वरच्या वर्गात हेच आलेखाने दाखवता येईल. आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर बल घेतले, तर फरशीचा आलेख उंच आणि अरुंद येतो, मातीचा बुटका आणि रुंद. दोन्हींखालचे क्षेत्रफळ मात्र सारखेच. ते क्षेत्रफळ म्हणजेच आवेग.

उसाचा ट्रॅक्टर

संवेग म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे बंदुकीची गोळी आणि वेगाने धावणारी मोटार येते. सावकाश चाललेल्या वस्तूलाही प्रचंड संवेग असू शकतो, हे त्यांच्या मनात ठसत नाही. त्यासाठी दूर जायला नको. गळीत हंगाम सुरू झाला की कराड, वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतल्या कोणत्याही रस्त्यावर उभे राहावे. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर थोड्याच वेळात समोरून येईल.

ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि ऊस मिळून २० टन, म्हणजे २०,००० किलोग्रॅम धरू. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. संवेग झाला १,००,००० एकके. शेजारून ताशी ७२ किलोमीटर वेगाने मोटारसायकल गेली. दोन स्वार धरून वस्तुमान २५० किलोग्रॅम, वेग सेकंदाला २० मीटर, संवेग ५,००० एकके. सावकाश चाललेल्या ट्रॅक्टरचा संवेग वीसपट भरला.

हा संवेग काढून घ्यायला ट्रॅक्टरपाशी काय आहे? ट्रॉल्यांना ब्रेक नसतील तर सगळी भिस्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर. टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाने जास्तीत जास्त २०,००० न्यूटन बल मिळते असे समजू. सपाट रस्त्यावर थांबायला १,००,००० भागिले २०,०००, म्हणजे ५ सेकंद लागतील. तेवढ्या वेळात ट्रॅक्टर साडेबारा मीटर पुढे जाईल.

आता रस्ता उताराचा घेऊ. वीस मीटरला एक मीटर उतार. २,००,००० न्यूटन वजनाचा विसावा भाग, म्हणजे १०,००० न्यूटन, ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. ब्रेकचे अर्धे बल त्यातच खर्ची पडले. उरलेल्या १०,००० न्यूटनने थांबायला १० सेकंद आणि २५ मीटर लागतात. उतार दहाला एक असला तर? ढकलणारे बल २०,००० न्यूटन आणि रोखणारेही २०,००० न्यूटन. बेरीज शून्य. ब्रेक पूर्ण दाबलेला असूनही ट्रॅक्टर थांबणारच नाही. तो त्याच वेगाने उतरत राहील.

हे गणित मुलांकडून सोडवून घ्यावे आणि मग विचारावे, की उताराने येणाऱ्या भरल्या ट्रॉलीसमोरून सायकल काढावी का? 'चालकाने ब्रेक मारला असता तर' हे वाक्य अपघातानंतर आपण नेहमी ऐकतो. संवेगाचे गणित आलेल्या मुलाला कळते, की चालकाने ब्रेक मारलेलाही असू शकतो. उत्तर त्या ट्रॉलीच्या वस्तुमानात आणि रस्त्याच्या उतारात दडलेले असते.

हेल्मेटमधला थर्मोकोल

मोटारसायकलस्वार पडतो तेव्हा त्याच्या डोक्याचे काय होते, हेही याच गणितात बसते. हेल्मेट कशासाठी, असे विचारले तर बहुतेक जण त्याच्या कठीण कवचाकडे बोट दाखवतील. कवचाचे काम आहेच. ते आघात मोठ्या भागावर पसरवते आणि टोकदार वस्तू आत शिरू देत नाही. पण वेळ वाढवण्याचे काम आतला थर्मोकोलसारखा थर करतो. तो आपल्या तालमीतली माती आहे.

हेल्मेटसह डोक्याचे वस्तुमान ५ किलोग्रॅम आणि आदळतानाचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर धरू. संवेग ५० एकके. आतला थर अडीच सेंटिमीटर दबतो. दबताना वेग १० वरून शून्यावर येतो, म्हणजे सरासरी ५ मीटर प्रति सेकंद. अडीच सेंटिमीटर अंतर कापायला ०.००५ सेकंद लागले. सरासरी बल १०,००० न्यूटन. हेही थोडे नव्हे. पण हेल्मेट नसेल आणि डांबरावर डोक्याची कातडी जेमतेम पाव सेंटिमीटर दबत असेल, तर वेळ दहापट कमी आणि बल दहापट जास्त. एवढे बल सोसण्याची ताकद माणसाच्या कवटीत नाही.

या गणितातून तीन गोष्टी निघतात. एक, थर नसलेली नुसती प्लास्टिकची टोपी दंड वाचवील, डोके वाचवणार नाही. दोन, जोराने आदळलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी पुन्हा वापरू नये. आतला थर एकदा दबला की तो पुन्हा दबत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वेग दुप्पट झाला तर संवेग दुप्पट होतो आणि तोच अडीच सेंटिमीटरचा थर निम्म्या वेळात संपतो. म्हणून बल दुप्पट नव्हे, चौपट होते. हेल्मेट घातले म्हणून वेग वाढवणाऱ्याने हा गुणाकार करून पाहावा.

कोयनेची उल्लोळ विहीर

हीच युक्ती हजारो टन पाण्यासाठी वापरलेली पाहायची असेल तर सातारा जिल्ह्यातच कोयना प्रकल्प आहे. पाटण तालुक्यातल्या शिवाजीसागर जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या लांबलचक बोगद्यातून पश्चिमेला नेले आहे. तिथून ते उभ्या दाबनळांनी खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरते. या वीजगृहाच्या पहिल्या टप्प्यातून १९६२ साली वीज मिळू लागली.

वीजगृहातले संच एकाएकी बंद करावे लागले तर काय होईल? आकडे सोपे व्हावेत म्हणून एक कल्पित बोगदा घेऊ. लांबी ३ किलोमीटर, काटछेद ३० चौरस मीटर, पाण्याचा वेग सेकंदाला ४ मीटर. आतले पाणी ९ कोटी किलोग्रॅम, आणि संवेग ३६ कोटी एकके. ते १० सेकंदांत अडवायचे म्हटले तर ३ कोटी ६० लाख न्यूटन बल लागेल. काटछेदाने भागले की वाढीव दाब निघतो, वातावरणाच्या दाबाच्या सुमारे बारापट. म्हणजे १२० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब अचानक वर येऊन बसला! नळ घाईने बंद केल्यावर पाइपातून 'धाड्' आवाज येतो, तो याच प्रकारचा. इथे त्याची गाठ डोंगराशी आहे.

अभियंत्यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे बोगद्याच्या शेवटी डोंगरात उभी खोदलेली उल्लोळ विहीर. दाबनळ बंद झाले की बोगद्यातले पाणी विहिरीत चढू लागते. चढणारा पाण्याचा स्तंभ मागच्या पाण्याला रोखत जातो. पाणी वर-खाली हेलकावे घेत हळूहळू शांत होते. आपल्या कल्पित बोगद्यातले पाणी १० ऐवजी १०० सेकंदांत थांबले, तर वाढीव दाब बारापटीवरून सव्वापटीवर येतो. संवेग तेवढाच, हप्ते मात्र लहान.

पोफळीला पेल्टन चाके आहेत. अशा चाकांच्या परिघावर जोड-वाटीसारखी पाळी बसवलेली असतात आणि पाण्याची धार त्यांवर आदळते. धार झटकन तोडायची असेल तर तिच्या तोंडाचा नळ एकदम बंद करत नाहीत. आधी एक पोलादी पट्टी आडवी आणून धार चाकापासून बाजूला वळवतात आणि मग नळ सावकाश बंद करतात. चाक लगेच मोकळे, पण पाण्याला थांबायला पुरेसा वेळ.

या वाट्या आणखी एक धडा देतात. वाटीचा आकार असा असतो की पाणी नुसते अडत नाही, जवळजवळ उलट दिशेला वळते. स्थिर वाटीवर पाणी आदळून थांबले तर संवेगातला बदल एकपट. तेवढ्याच वेगाने उलट फिरले तर दुप्पट, कारण आधीचा संवेग शून्यावर येतो आणि वर तेवढाच उलट दिशेने मिळतो. चाक फिरवायला जास्त बल हवे असते, म्हणून तिथे पाणी परतवतात. जिथे बल कमी हवे तिथे याच्या उलट करावे लागते. म्हणून हेल्मेटच्या आत स्प्रिंग नसते आणि हौद्यात रबर नसते. दबून तसेच राहणारा पदार्थ संवेग घेतो, पण उलट फेकत नाही.

वर्गात करायचा प्रयोग

भंगारात मिळणारी बेअरिंगची मोठी पोलादी गोळी घ्यावी. किराणा दुकानात ती तोलून घ्यावी. सुमारे १०० ग्रॅमची असेल तर उत्तम. एका घमेल्यात चाळलेली भुसभुशीत माती आणि दुसऱ्यात तीच माती धुमसून घट्ट केलेली. दोन्हींत सव्वा मीटर उंचीवरून गोळी सोडावी आणि खड्ड्याची खोली पट्टीने मोजावी.

सव्वा मीटरवरून पडणाऱ्या गोळीचा वेग सेकंदाला ५ मीटर, संवेग ०.५ एकक. भुसभुशीत मातीत खड्डा अडीच सेंटिमीटर आला, तर थांबायला लागलेला वेळ म्हणजे खोली भागिले सरासरी वेग (अडीच मीटर प्रति सेकंद), ०.०१ सेकंद. बल ५० न्यूटन. घट्ट मातीत खड्डा अर्धा सेंटिमीटर आला, तर वेळ ०.००२ सेकंद आणि बल २५० न्यूटन. तुमच्या मातीत आकडे वेगळे येतील, ते यायलाच हवेत. घड्याळ न वापरता सेकंदाचा शंभरावा भाग पट्टीने मोजता आला, याचेच मुलांना अप्रूप वाटते.

प्रत्येक गटाने चार रकाने भरावेत : आदळतानाचा वेग, संवेगातला बदल, लागलेला वेळ आणि सरासरी बल. पहिल्या दोन रकान्यांत दोन्ही मातींचे आकडे सारखेच येतील, शेवटच्या दोन रकान्यांत वेगळे. तक्ता भरून झाला की सुरुवातीचा प्रश्न पुन्हा विचारावा. यावेळी 'सगळेच' असे उत्तर देणाऱ्या मुलाला चूक म्हणू नये. त्याला एवढेच सांगावे, की तक्त्यातल्या कोणत्या रकान्यात फरक पडला ते बोट ठेवून दाखव.